चूक समोरच्याची, ठोकलेली गाडी आपली: विमा कंपनीला काय, कधी, कसं कळवायचं?

भिडेपूल:

नवले पुलाच्या उतारावर मागून टेम्पो आदळतो. नळस्टॉपच्या सिग्नलला उभ्या गाडीला रिक्षा घासून जाते. सोसायटीत लावलेल्या गाडीचा आरसा कुणीतरी रात्री उडवतो. प्रसंग निराळे, पण प्रश्न एकच येतो: "चूक माझी नाहीच, तर मी माझ्या कंपनीला का सांगू?" उत्तरं इथे दहा धाग्यांत विखुरली आहेत, ती एका जागी आणू या.

पहिली गाठ मीच सोडवतो. कंपनीला कळवणं वेगळं आणि क्लेम घेणं वेगळं. कळवायचं दर वेळी. क्लेम घ्यायचा की नाही हे मागाहून, हिशोब मांडून ठरवायचं. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल या धास्तीने लोक कळवतही नाहीत, आणि दोन महिन्यांनी समोरच्याची नोटीस आली की धावाधाव सुरू.

कळवणं ऐच्छिकही नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४: अपघातात कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर पॉलिसी क्रमांक आणि मुदत, अपघाताची तारीख-वेळ-ठिकाण, जखमी किंवा मृतांचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील एवढं विमा कंपनीला लेखी द्यायचं असतं. पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या ठाण्यात २४ तासांच्या आत माहिती द्यायची. चूक कुणाची हा शब्दच त्या कलमात नाही. पॉलिसीच्या पुस्तिकेतली पहिली अटही हेच सांगते: अपघात होताच लेखी सूचना. ती पुस्तिका पीडीएफमध्ये येते आणि तशीच पडून राहते, ही गोष्ट वेगळी.

तळजाई_टेकडी:

फोन केला की पुरे ना? आणि "फक्त कळवतोय, क्लेम नको" म्हटलं तर ऐकतात का?

भिडेपूल:

फोन करा, पण त्यावर थांबू नका. कॉल सेंटरवरचा माणूस सवयीने क्लेमच नोंदवतो आणि "गाडी कुठल्या गॅरेजला पाठवू" विचारतो. त्याला स्पष्ट सांगायचं की ही अपघाताची सूचना आहे, ओन डॅमेज क्लेमबद्दल (म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या दाव्याबद्दल) नंतर कळवतो. मेसेजवर आलेला संदर्भ क्रमांक जपायचा. त्याच दिवशी पॉलिसीला जोडलेल्या ईमेलवरून पत्र टाकायचं, साधारण असं:

"विषय: अपघाताची सूचना, पॉलिसी क्र. …, मुदत … ते …
दि. … रोजी सायंकाळी ६.४० च्या सुमारास चांदणी चौकाकडून वारज्याकडे जाताना, पुढची वाहतूक थांबल्याने माझी गाडी क्र. … पूर्ण थांबलेली असताना मागून आलेल्या मालवाहू टेम्पो क्र. … ने धडक दिली. मागचा बंपर, डिकीचं दार आणि डावा टेललँप यांचं नुकसान दिसत आहे. आतील नुकसान तपासलेलं नाही. कुणालाही इजा झालेली नाही. गाडी … चालवत होते, लायसन्स क्र. …. … पोलीस ठाण्यात नोंद केली आहे. फोटो सोबत. ओन डॅमेज दाव्याचा निर्णय तपासणीनंतर कळवेन. तो हक्क राखून ही सूचना देत आहे."

"आतील नुकसान तपासलेलं नाही" हे वाक्य गाळू नका. कारण पुढच्या प्रतिसादात पत्रा_आणि_पुटी सांगतीलच.

पत्रा_आणि_पुटी:

सांगतो. मागून बसलेल्या माराचं हेच दुखणं. आजकालचे बंपर प्लास्टिकचे, दाबले जातात आणि परत फुगून जागेवर येतात. वरून ओरखडा, आत क्रॅश बीम (बंपरमागचा धक्का झेलणारा दांडा) वाकलेला, डिकीचा तळ गोळा झालेला, सायलेन्सरचा हँगर तुटलेला. स्टेपनीचं झाकण उचलून खालचा पत्रा बघा, सुरकुती असेल तर मार आतपर्यंत गेलाय. डिकीचं दार लागताना एका बाजूला घासतंय का, दोन्ही फटी सारख्या आहेत का, मागची सीटबेल्ट ओढून अडकते का, रिव्हर्स सेन्सर ओरडतो का, एवढं जागेवरच दोन मिनिटांत कळतं.

पुण्यात बऱ्याच गाड्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी. मागून ठोकलं की पहिलं काम तिचा हातव्हॉल्व्ह बंद करणं. टाकीचा ब्रॅकेट किंवा पट्टा सरकला असेल, वास येत असेल, तर पेट्रोलवरसुद्धा गाडी चालवायची नाही. उचलून न्यायची. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) एरवी ३ वर्षांनी असते, पण असा मार बसल्यावर मुदत बाकी असली तरी टाकी तपासल्याशिवाय गॅस भरू नये. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर आणि पॉलिसीवर चढवलेलं नसेल तर सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, तिथेच बोट ठेवतो.

पुढून मार बसला असेल तर गाडीखाली पाणी टपकतंय का बघा. रेडिएटर फुटला असताना "घरापर्यंत नेऊ या" म्हणून इंजिन तापवलं तर ते वाढीव नुकसान कंपनी देत नाही. अट साफ आहे: अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवून जे वाढलं ते मालकाचं. टोईंगला खाजगी कारसाठी मूळ पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर आधी त्याला फोन.

आणि सर्व्हेयर बघून जाईपर्यंत बंपर उतरवायचा नाही. उघडलेली गाडी बघितली की तो म्हणणार, हे याच अपघातातलं कशावरून? त्याने बाहेरून पाहिलं, मग त्याच्या संमतीने खोललं, आतलं निघालं की पुरवणी इस्टिमेट आणि दुसरी तपासणी. बदललेले जुने पार्ट शेवटच्या तपासणीपर्यंत गॅरेजात ठेवायला सांगा.

तळजाई_टेकडी:

जागेवर फोटो काढत बसलो तर मागचे हॉर्न वाजवून जीव घेतात. नेमके किती नि कसले?

भिडेपूल:

हॉर्न तर एरवीही वाजवतातच. सहा-सात फोटो पुरतात, एक मिनिटाचं काम. गाड्या हलवायच्या आधी दोन्ही नंबरप्लेट एका चौकटीत येतील असा एक. मग लांबून दोन, ज्यात लेनचे पट्टे, सिग्नल किंवा दुकानाची पाटी दिसेल. ब्रेकच्या खुणा, रस्त्यावर पडलेली काच, दोन्ही गाड्यांवरचा मार. टेम्पोची नंबरप्लेट चिखलाने माखलेली असेल तर बाजूला रंगवलेलं ट्रान्सपोर्टचं नाव घ्या. समोरच्याचं लायसन्स आणि पॉलिसी. तो देत नसेल तर वाद घालू नका, एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून विम्याची मुदत तिथल्या तिथे पाहता येते. मग गाड्या कडेला. महामार्गाच्या उतारावर मधोमध उभं राहून भांडणं म्हणजे दुसऱ्या अपघाताला आमंत्रण.

डॅशकॅम असेल तर कार्ड काढून ठेवा, नाहीतर चार दिवसांत वरून नवीन रेकॉर्डिंग बसतं. सोसायटी आणि दुकानांचे कॅमेरेही काही दिवसांनी जुनं पुसतात. सेक्रेटरीला त्याच दिवशी लेखी अर्ज द्या.

काळा_कोट:

डॅशकॅमबद्दल एक पुस्ती. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली क्लिप मोटार अपघात न्यायाधिकरणात (अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात तिथे) कामाची नाही. मूळ कार्ड आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसारचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा सांकेतिक आकडा) असते.

आता पोलीस. कुणाला इजा झाली असेल तर एफआयआरला पर्याय नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५, सोबत मोटार वाहन कायद्याचं १८४. अशा अपघातात २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, आणि चालक व मालकाला ठराविक नमुन्यातले फॉर्म भरून द्यावे लागतात. तुमची चूक नसली तरी तुमची गाडीही पंचनाम्यात येते, आरटीओची तपासणी होते, ताबा मिळायला वेळ लागतो. स्थळ पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि वाचा. "दोन्ही वाहनांची धडक झाली" आणि "थांबलेल्या वाहनास मागून धडक दिली" या दोन वाक्यांत लाखांचा फरक आहे.

फक्त पत्र्याचं नुकसान असेल तर बहुतेक ठाण्यांत स्टेशन डायरीत नोंद करून तारीख-क्रमांक देतात. तेवढ्यावर साधारण ओन डॅमेज क्लेम होतो. पण समोरच्याकडून वसूल करायचं मनात असेल तर लेखी तक्रार देऊन पोच घ्या. वाकड-हिंजवडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं, कोथरूड-वारजे पुणे शहरात. "आमची हद्द नाही" ऐकावं लागलं तर दखलपात्र गुन्ह्यात झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो, हे नम्रपणे सांगायचं. अपघाताच्या जागेवरून ११२ लावला तर हद्दीचा घोळ बराचसा तिथेच मिटतो.

हिशोबनीस:

माझा प्रांत. क्लेम घ्यावा की नाही?

नो क्लेम बोनसची पायरी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर, थर्ड पार्टीवर (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्यावर) नाही. आणि आपल्याकडे बोनसला चूक कुणाची हे दिसत नाही. ओन डॅमेजमधून पैसे मिळाले की पुढच्या वर्षी शून्य. "पण मी तर उभा होतो" याला तिथे खाना नाही.

समजा सूट धरण्याआधीचा ओन डॅमेज हप्ता १२,००० आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात, म्हणजे भरता ६,०००. क्लेमनंतर: पहिल्या वर्षी १२,०००, म्हणजे ६,००० जादा. दुसऱ्या वर्षी २० टक्के सूट, ९,६००, जादा ३,६००. मग ९,०००, जादा ३,०००. मग ७,८००, जादा १,८००. मग ६,६००, जादा ६००. बेरीज १५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १७,७००. गाडी जुनी होईल तशी आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण आकडा मनात धरायला बरा.

आता मिळणारे पैसे. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर घसारा असा: प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग ५० टक्के. फायबरग्लास ३०. काच शून्य. पत्रा गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले ६ महिने शून्य, वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४०, पुढे ५०. रंगकामाच्या बिलात २५ टक्के माल धरतात आणि त्या मालावर ५० टक्के कापतात. शिवाय दर क्लेममागे सक्तीची वजावट: १५०० सीसीपर्यंत १,०००, त्यावर २,०००. स्वेच्छेने जादा वजावट घेतली असेल तर तीही.

साडेतीन वर्षांची गाडी, डिकीचं दार १४,०००, बंपर ६,०००, टेललँप ४,०००, रंग ८,०००, मजुरी ४,०००. बिल ३६,०००, यात जीएसटी धरला नाही. मिळणार १०,५०० + ३,००० + २,००० + ७,००० + ४,००० = २६,५००, वजा १,०००, म्हणजे २५,५००. त्यातून बोनसचे १७,७०० वजा केले तर निव्वळ फायदा ७,८००. हाच अपघात फक्त बंपर आणि रंगावर निभावला असता तर क्लेम घेणं आतबट्ट्याचं.

एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम घेतला तरी बोनस राखणारं जादा कव्हर) असेल तर हा सगळा हिशोब बाद, पण वर्षातून किती क्लेम चालतात ते पॉलिसीत बघा. झिरो डेपलाही तशी मर्यादा असते.

पुणेरी_पगडी:

म्हणजे उभ्या गाडीला दुसरा ठोकणार आणि बोनस आपला जाणार. शनिवारवाड्यावर सभा घ्यायला हवी.

तळजाई_टेकडी:

हिशोबनीस, वाचनखूण साठवली. समजा क्लेम नोंदवला आणि नंतर मागे घेतला, तर बोनस राहतो का? आणि समोरचा जागेवरच पाच हजार देत असेल तर घ्यावे का?

हिशोबनीस:

एक पैसाही न घेता क्लेम बंद झाला तर बोनस राहायला हवा. पण "शून्य रकमेवर बंद" असं लेखी मागून घ्या, नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी संगणक बोनस खाऊन बसतो आणि तुम्ही महिनाभर मेल करत बसता. कंपनी बदलताना बोनस चुकीचा सांगितला तर पुढचा ओन डॅमेज क्लेमच अडतो, तेव्हा तिथे अंदाजपंचे नको.

काळा_कोट:

पाच हजारांचं: ओन डॅमेज घ्यायचाच नाही हे पक्कं असेल तर घ्या, पण आतलं नुकसान बघण्याआधी नको. "पूर्ण व अंतिम तडजोड, पुढे तक्रार नाही" अशा कागदावर सही केली की तुम्हाला क्लेम दिल्यावर ते पैसे समोरच्याकडून वसूल करण्याचा तुमच्या कंपनीचा हक्क तुम्हीच संपवलात. मग डिकीचा तळ वाकलेला निघाला आणि क्लेम टाकला तर कंपनी तोच कागद दाखवेल. उलट बाजूनेही जपा: कंपनीच्या संमतीवाचून चूक कबूल करणं, भरपाईचं वचन देणं किंवा पैसे देणं पॉलिसीच्या अटीत बसत नाही. "जाऊ द्या हो, माझंही थोडं चुकलं" हे सौजन्य रस्त्यावर दाखवू नका.

समोरच्याच्या कंपनीकडून वसुलीबद्दल. थर्ड पार्टी कव्हरमध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान येतं. कारच्या पॉलिसीत साधारण ७.५ लाखांपर्यंत, दुचाकीच्या १ लाखापर्यंत. हप्ता वाचवायला मर्यादा ६,००० वर आणलेली असेल तर त्यावरचं मालकाच्या खिशातून. पण त्या कंपनीच्या काउंटरवर बिल ठेवून चेक मिळेल ही आशा सोडा. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, कलम १६६ खाली, पुण्यात शिवाजीनगर न्यायालयात. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी तुम्ही राहता तिथे दाखल करता येतो. कायद्यातली मुदत अपघातापासून ६ महिने. मूळ बिलं, फोटो, पंचनामा, सर्व्हे अहवालाची प्रत, आरसी, लायसन्स हे सगळं लागतं. तुमच्या कंपनीने दिलेली रक्कम परत मागता येत नाही. मागायचं ते घसारा आणि वजावटीत गेलेलं.

ज्यांच्याकडे नुसती थर्ड पार्टी पॉलिसी आहे त्यांना स्वतःच्या पत्र्यासाठी हाच एक रस्ता. वीस हजारांसाठी किती तारखा घालायच्या ते ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते इजा नसेल आणि रक्कम लहान असेल तर वकिली नोटीस पाठवून तडजोड करणं बरं.

न्यायाधिकरणाचं समन्स तुमच्या नावाने आलं तर? त्याच दिवशी कंपनीला, लिफाफ्याच्या फोटोसकट. "चूक माझी नाही, जाणार नाही" म्हणून घरी बसलात तर निकाल एकतर्फी लागतो.

भिडेपूल:

साखळी अपघातांबद्दल कुणी लिहिलं नाही. बोगद्यापाशी आणि बायपासवर हाच प्रकार जास्त.

पत्रा_आणि_पुटी:

मधली गाडी सगळ्यात अडचणीत. मागचा तुम्हाला ठोकतो, तुम्ही ढकलले जाऊन पुढच्यावर. पुढचा उतरून तुमचीच कॉलर धरतो. सूचनेत आणि क्लेम फॉर्मवर क्रम नीट लिहा: आधी मागून धडक, त्या धक्क्याने पुढे. नाहीतर सर्व्हेयर मागचा मार एक अपघात आणि पुढचा दुसरा धरतो, दोन क्लेम, दोन वजावटी. पुढच्या गाडीवरच्या माराची उंची, तुमच्या बंपरवरचा त्याचा रंग, सगळ्याचे फोटो.

आणि गाडी कोण चालवत होतं ते खरं लिहा. लायसन्स संपलेल्या भाच्याच्या जागी काकांचं नाव घातलं की टोलचा फोटो नाहीतर कॅमेरा ते उघडं पाडतो, आणि चूक समोरच्याची असूनही तुमचा क्लेम जातो.

तळजाई_टेकडी:

कळवायला पाच दिवस उशीर झाला तर क्लेम गेलाच का?

हिशोबनीस:

नाही. विमा नियामकाचं २०११ चं परिपत्रक आहे: खरा क्लेम केवळ उशिरामुळे नाकारू नये. उशिराचं कारण लेखी द्या, रुग्णालयाचा कागद असेल तर जोडा. पण दरम्यान गाडी दुरुस्त करून टाकली असेल तर तपासायला काही उरत नाही, तिथे कारण कितीही खरं असो.

कंपनीकडूनही मुदती पाळून घ्या. कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयरची नेमणूक, १५ दिवसांत त्याचा अहवाल, अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय. रखडलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, मग बीमा भरोसा, म्हणजे नियामकाचं तक्रार पोर्टल. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, त्यांचं कार्यालय पुण्यातच नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील चालत नाही, मर्यादा ५० लाख, कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत. मात्र तिथे तक्रार आपल्या कंपनीविरुद्ध, समोरच्याच्या नाही.

पुणेरी_पगडी:

केळकर रस्त्यावर गाडी घेऊन जाऊ नका. लावायला जागा नाही, आणि लावलीत तर आरसा उडेल. मग पुन्हा याच धाग्यावर.

काळा_कोट:

लोकपालांकडे तक्रार ऑनलाइनही करता येते.